चिऊचं हार्टचं ऑपरेशन आणि एका हॉस्पिटलचा उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

आजवर मी रिव्ह्यू लिहिलेत ते दोन मिक्सरचे, एका कुकरचा, रंग गेलेल्या एका पैठणीचा आणि दांडिया बाजारजवळच्या एका सेव-उसळवाल्याचा (तर्री पाणचट, पाव मस्त). हॉस्पिटलचा कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. वर्ष झालं, रोज रात्री लिहू म्हणते आणि राहून जातं, कारण तिथलं आठवायला लागलं की पोटात गोळा येतो आणि चांगलं लिहायचं की वाईट तेच ठरत नाही. आता चिऊ झोपलीय, नवरा नाईट शिफ्टला मकरपुऱ्याला गेलाय, लिहून टाकते एकदाचं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये. आमचे बाबा (सासरे) म्हणाले, ज्यांनी नातीला परत आणून दिलं त्यांची तक्रार नावानिशी करायची नाही. मी म्हटलं मग नुसतं कौतुक करू का, तर तेही त्यांना पटेना. म्हणून बिननावाचंच. एवढंच सांगते की अहमदाबादचं मोठं हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या हार्टचा वेगळा विभाग आहे, आणि आम्ही बडोद्याहून ॲम्ब्युलन्सने गेलो होतो.

आधी काय झालं होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर कशाला स्टार देतेय ते कळणार नाही.

चिऊ जन्मली तेव्हा एकदम ठणठणीत, २ किलो ९००. दीड महिना सगळं छान. मग दूध पिताना मधेच सोडून द्यायची, कळवळून रडायची, आणि कपाळावर घाम. घाम म्हणजे दव पडल्यासारखा, गार, आणि तोही जानेवारीत, आमच्या वाड्यातल्या घरात स्वेटर घालून बसायची वेळ तेव्हा. आई (सासूबाई) म्हणाल्या, अगं गॅस आहे तो, ओव्याची पुरचुंडी शेक. शेकली. बाळकडू झालं, दृष्ट काढून झाली मीठ-मोहरीने, माझं उडीद-वांगं-बटाटा सगळं बंद. पहिल्या डॉक्टरांकडे तीनदा नेलं. पहिल्यांदा गॅसचे थेंब, दुसऱ्यांदाही तेच थेंब पण दुसऱ्या कंपनीचे, तिसऱ्यांदा छाती भरलीय म्हणून वाफ. मी घामाचं बोलले तर म्हणाले बेन, बाळाला जास्त गुंडाळता तुम्ही. मला वाटलं असेल बाबा, पहिलटकरीण मी, मला काय कळतंय. वजन मात्र ४ किलो १०० वर अडकलं ते अडकलंच, तीन आठवडे काटा हलेना.

मग माझी नणंद आली सुरतेहून, तिने चिऊला दूध पिताना नुसतं बघितलं आणि म्हणाली वहिनी, हिला धाप लागतेय, ही रडत नाहीये गॅसने, हिला दुखतंय. त्याच संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे. वयस्कर बाई आहेत, दवाखाना इतका छोटा की चपला बाहेर ओटल्यावर काढायच्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, म्हणाल्या लिव्हर हाताला लागतंय, श्वास मोजला, मग कपाटातून ईसीजीचं जुनं मशीन काढलं. इतक्या लहान बाळाच्या छातीवर ते चिकटवतात तेव्हा जागाच पुरत नाही. पट्टी निघाली, बाई बराच वेळ बघत बसल्या, आणि नवऱ्याला म्हणाल्या, असा ईसीजी मला पन्नास वर्षांच्या माणसाचा दाखवला असता तर मी म्हटलं असतं याला हार्ट अटॅक येऊन गेलाय. मला हसूच आलं खरं सांगते. अडीच महिन्यांचं पोर आणि हार्ट अटॅक? एक्स-रे काढला तर अर्ध्याहून जास्त छाती नुसत्या हार्टने भरलेली.

त्यांनी घेतले पैसे ३५०, ईसीजी धरून. त्यांना माझ्याकडून जेवढे स्टार असतात तेवढे सगळे.

दुसऱ्या दिवशी इथेच इको (हार्टची सोनोग्राफी) केला तर रिपोर्ट आला की हार्टचे स्नायूच कमजोर आहेत, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, औषधं देऊन बघू. घरात सुतक असल्यासारखं झालं. पण त्या डॉक्टर बाईंनी रिपोर्ट वाचून फोनवर एक वाक्य सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, की एवढ्या लहान बाळाचं हार्ट असं फुगलेलं दिसलं तर आधी हार्टच्या स्वतःच्या नळ्या कुठून निघतात ते बघायचं, ते बघितल्याशिवाय स्नायू खराब म्हणायचं नाही. म्हणून अहमदाबाद. एक्स्प्रेस-वेचे ते ९३ किलोमीटर मी आयुष्यात विसरणार नाही, चिऊच्या नाकात ऑक्सिजन, मी मागे, नवरा ड्रायव्हरशेजारी, आणि ड्रायव्हरने लावलेली भजनं.

आता हॉस्पिटल.

तिथल्या लहान मुलांच्या कार्डिओलॉजिस्ट मॅडमनी इको केला, पाऊण तास, अंधार करून, चिऊला साखरेच्या पाण्याचं बोट चोखायला देऊन. मग रंगांवर थांबल्या, ज्युनिअरला बोलावलं, म्हणाल्या बघ, उलटा. तेव्हा मला उलटा म्हणजे काय ते कळलं नाही. नंतर सीटी अँजिओ करून पक्कं झालं. आल्कापा म्हणतात त्याला. हार्टला रक्त देणाऱ्या दोन मुख्य नळ्या असतात, उजवी आणि डावी, दोन्ही महाधमनीच्या बुडाशी फुटतात. चिऊची डावी तिथून फुटलीच नव्हती, ती निघत होती फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीतून, जिच्यात अशुद्ध रक्त असतं. साधारण ३ लाख जन्मांत एखादं बाळ असं निघतं म्हणे. आमचं लॉटरीत कधी पाच रुपयांचं बक्षीस लागलं नाही आणि हे मात्र लागलं.

मग मी विचारलं की जन्मल्यावर दीड महिना ठीक कशी होती? आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत का नाही दिसलं? (त्या सोनोग्राफीवाल्याला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या.) इथे मॅडमनी जे केलं त्यासाठी माझ्या लेखी या हॉस्पिटलचा पहिला स्टार आहे. डाएट चार्ट उलटा केला आणि पेनने काढून दाखवलं. पोटात असताना बाळाच्या दोन्ही मोठ्या नळ्यांत प्रेशर जवळपास सारखंच आणि रक्तही दोन्हीकडे मिसळलेलंच, त्यामुळे डावी नळी कुठूनही निघाली तरी तिला मिळायचं ते मिळतं, हार्ट मजेत, सोनोग्राफीत काही खुपत नाही, आणि एवढीशी नळी कुठून निघते ते त्यात सहसा दिसतही नाही. जन्मानंतर बाळ श्वास घेतं, फुप्फुसाकडचं प्रेशर काही आठवड्यांत उतरत जातं. मग डाव्या नळीत रक्त ढकलायला जोरच उरत नाही. उजवी नळी बिचारी छोट्या छोट्या जोडनळ्यांतून डावीकडे रक्त पाठवते, पण ते हार्टच्या स्नायूला मिळायच्या आधीच डाव्या नळीतून उलटं वाहत फुप्फुसाकडे पळून जातं, कारण तिकडे प्रेशर कमी. हाच तो उलटा, रंगात दिसलेला.

नवरा लगेच म्हणाला, म्हणजे आमच्या पोळमध्ये (जुन्या गल्लीत) खालच्या मजल्यावर मोटर लावली की आमचा नळ फुसफुसतो तसं. मॅडम हसल्या, म्हणाल्या बरोबर एवढंच. आणि बाळ सगळ्यात जास्त मेहनत कधी करतं, तर दूध पिताना. आपल्याला जिना चढताना छातीत दुखावं तसं तिला माझ्या मांडीवर दुखत होतं. हे ऐकून मी त्या खोलीत किती रडले ते लिहीत नाही. ओव्याची पुरचुंडी आठवली.

१९३३ साली बोस्टनच्या तीन डॉक्टरांनी पहिल्यांदा हे नीट लिहून ठेवलं, ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड, त्यांचंही बाळ तीन महिन्यांचंच, पाजताना त्रास आणि घाम, हार्ट मोठं आणि ईसीजी मोठ्या माणसाच्या दुखण्यासारखा. म्हणजे घामाची खूण जवळजवळ शंभर वर्षं माहितीये डॉक्टर लोकांना. मला राग आहे तो याचा. आजार दुर्मीळ आहे, पहिल्या डॉक्टरांना नाव सुचलं नाही ते समजू शकते, पण आई तीनदा येऊन घाम म्हणतेय तर एक ईसीजी काढायचा ना.

औषधाने बरं होत नाही हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन नाही केलं तर दहातली साधारण नऊ बाळं पहिलं वर्ष पार करत नाहीत. हा आकडा सांगताना त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, उभ्यानं नाही सांगितला. उलट त्याच संध्याकाळी एक ज्युनिअर, कानात इअरफोन, कॉरिडॉरमध्ये चालता चालता मला म्हणाला, इएफ २० आहे ना, मग तयारी ठेवा. कसली तयारी रे बाबा? पैशाची की कसली? मी आख्खी रात्र तेच घोळवत होते. इएफ म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, चांगला म्हणजे ५५ च्या वर. एकाच हॉस्पिटलात एकाच दिवशी एक जण खुर्ची ओढून बसतो आणि एक जण चालता चालता बोलतो, याला सरासरी कशी काढायची मला सांगा.

सर्जन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटले. बुटके, शांत, गुजराती-हिंदी मिसळून बोलणारे, हात एकदम गरम (हात मिळवले नवऱ्याने, त्याने सांगितलं). पूर्वी नुसती ती डावी नळी बांधून टाकायचे, म्हणजे चोरी थांबायची पण हार्ट एकाच नळीवर जगायचं. मग १९७९ मध्ये जपानच्या ताकेउची यांनी फुप्फुसाच्या नळीच्या आतून बोगदा काढून रक्त आणायची पद्धत काढली. आता शक्य असेल तिथे सरळ नळीच तिच्या खऱ्या जागी लावतात. नळीचं तोंड भोवतीच्या थोड्या भिंतीसकट शर्टाच्या बटणाएवढं कापून घ्यायचं, बटणच म्हणतात त्याला, आणि महाधमनीला भोक पाडून तिथे शिवायचं, आणि फुप्फुसाच्या नळीत जे भोक पडलं तिथे ठिगळ, तेही हार्टच्या स्वतःच्याच आवरणाचं. आमच्या आई शिवणकाम करतात, त्यांना हे सगळ्यात आधी समजलं. त्यांनी विचारलं, नळी तेवढी लांब पुरेल का, ओढ बसली तर टाका उसवतो. सर्जन त्यांच्याकडे बघतच राहिले, म्हणाले माजी, आ ज सवाल छे, हाच तर प्रश्न आहे. पुरली नाही तर फुप्फुसाच्या नळीच्या भिंतीतूनच पन्हळ करून लांबी वाढवतात.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार पटली. ऑपरेशनपुरतं हार्ट थांबवायचं औषध एरवी महाधमनीत देतात, तिथून ते दोन्ही नळ्यांत जातं. पण आल्कापात डावी नळी तिथे नाहीच, मग डावा भाग कोरडा राहणार, म्हणून फुप्फुसाच्या बाजूनेही द्यावं लागतं आणि फुप्फुसाच्या फांद्या तेवढ्यापुरत्या आवळून धरायच्या, नाहीतर तेही पळून जाणार. आणि वर म्हणाले, ऑपरेशन मला जमेल, पण थकलेलं हार्ट लगेच पूर्ण काम उचलेल की नाही हे मी आज सांगू शकत नाही, नाही उचललं तर काही दिवस हार्ट-फुप्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर ठेवू, एक्मो म्हणतात ते, तयार ठेवलंय. मला हे आवडलं. सगळं छान होईल म्हणणारे खूप होते, आमच्याकडे फोनवर दिवसाला वीस.

सकाळी ७.४० ला आत नेलं. तिला अंगभर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं होतं आणि डोक्यावर माझ्या आईने विणलेली पिवळी टोपी, ती सिस्टरनी दारात काढून माझ्या हातात दिली. नऊपर्यंत मी ती टोपी धरून होते, मग आत्याबाई आल्या अहमदाबादच्याच, त्यांनी काढून घेतली आणि चहा दिला. बडोद्याहून नवऱ्याच्या कंपनीतली चार मुलं रक्त द्यायला पहाटेच्या गाडीने आली होती, त्यांनी कॅंटीनमध्ये थेपले खाल्ले आणि परत दुपारच्या शिफ्टला गेली, मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही. दर दोन तासांनी आतून एक सिस्टर येऊन सांगायच्या, आता मशीनवर घेतलं, आता नळी लावली, आता हार्ट चालू झालं. हा दुसरा स्टार, आणि हा पूर्ण. ३.१५ ला सर्जन स्वतः आले, मास्क गळ्यात, म्हणाले नळी पुरली. पहिलं वाक्य हेच, आणि ते आईंकडे बघून.

आयसीयूत पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं की छाती उघडी ठेवलीय. सांगितलं होतं म्हणे नवऱ्याला, त्याने माझ्यापासून लपवलं. सुजलेलं असतं सगळं, लगेच बंद केलं तर हार्टवर दाब येतो, म्हणून वरून नुसतं पातळ झाकण लावून दोन दिवस ठेवतात. तिच्याभोवती सात सिरिंज पंप मोजले मी. त्यातल्या मिलरिनोन आणि ॲड्रेनालिन या हार्टला जोर देणाऱ्या दोन औषधांचे आकडे मला पाठ झाले होते, जसे बाकीच्या बायकांना सोन्याचे भाव. एक्मो लागलं नाही. तिसऱ्या दिवशी छाती बंद, सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, आणि तिचा आवाज इतका बसलेला की रडली तर मांजराच्या पिल्लासारखं.

आयसीयूच्या सिस्टर बहुतेक केरळच्या. त्यांना मराठी शून्य, गुजराती तोडकंमोडकं, पण चिऊला त्या मोळे म्हणायच्या, म्हणजे मुली, पोरी. रात्रीच्या एक सिस्टर होत्या, त्या मला ठरल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त थांबू द्यायच्या आणि घड्याळाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. नियम मोडला म्हणून तक्रार करायची असेल तर माझ्याकडून कुणाला नाव मिळणार नाही.

आता तक्रारी. बऱ्याच आहेत.

एक, दूध. मला सांगितलं दर तीन तासांनी दूध काढून द्या, नळीने देऊ, आईचंच हवं. छान. पण काढायचं कुठे? त्या अख्ख्या मजल्यावर त्यासाठी खोली नाही. इतकी मोठी इमारत, लॉबीत कारंजं आहे कारंजं, आणि मी अकरा दिवस सलाईनच्या खोक्यांच्या खोलीत, दाराला कडी नाही म्हणून नणंद बाहेर पाठ टेकून उभी, अशी पंप लावून बसायचे. एकदा वॉर्डबॉय आत आला, तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला. लहान मुलांचं हॉस्पिटल चालवता आणि आया कुठे बसतील याचा विचार नाही. याचा एक स्टार कापला. आणि कारंज्याचा अर्धा.

दोन, इन्शुरन्सचं काउंटर. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी, त्यात बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं. काउंटरवरच्या मुलाने फाइल उघडली, जन्मजात शब्द वाचला, फाइल बंद केली. कव्हर नहीं होगा. चिऊ वर ऑक्सिजनवर आणि हा सांगतोय चार लाख डिपॉझिट भरा. नवरा घाम पुसत मला फोन करतोय की माझे दागिने कुठे आहेत. शेवटी त्याच्या एचआरच्या मॅडमनी पॉलिसीचं पान फोटो काढून पाठवलं, त्यात साफ लिहिलेलं की जन्मजात पण बाहेरून दिसणारं व्यंग कव्हर नाही, शरीराच्या आतलं आहे ते कव्हर आहे. इंटर्नल आणि एक्स्टर्नल, एका शब्दाचा फरक. हे प्लीज लक्षात ठेवा, कुणाला लागू नये पण लागलं तर काउंटरवरच्याच्या तोंडच्या शब्दावर परत फिरू नका, पॉलिसीचं पान मागा. मंजुरी आली दुसऱ्या दिवशी. त्या मुलाने सॉरी वगैरे काही नाही, पुढचा टोकन नंबर पुकारला.

माझ्या शेजारी वेटिंगमध्ये छोटा उदेपूरकडची एक बाई होती, तिच्या मुलाच्या हार्टला भोक. तिचं सगळं शाळा आरोग्य योजनेतून, सरकारीतून, अंगणवाडीत तपासायला आलेल्या टीमनेच पकडलं होतं ते. शाळा म्हणतात पण जन्मल्यापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात हे मला तिच्याकडून कळलं, मी एम.कॉम. तिच्याकडे कागद तीन आणि आमच्याकडे फाइल अडीच किलोची. रोज मला ती मक्याचा रोटला द्यायची आणि मी तिला आत्याबाईंच्या डब्यातली भाजी.

वेटिंगच्या खुर्च्या स्टीलच्या, मधे हात असलेल्या, म्हणजे आडवं होता येत नाही, मुद्दामच तशा घेतात. रात्री एसी इतका की शालीवर शाल. कॅंटीनचा चहा चांगला, आलं घातलेला, पण नऊला बंद, त्यानंतर मशीनची कॉफी जी मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. पार्किंग तासावर. असू दे.

औषधांचं मात्र नीट सांगते कारण इथे खरंच जिवाशी खेळ होऊ शकला असता. सुट्टी झाली सतराव्या दिवशी. कॅप्टोप्रिलची गोळी मोठ्या माणसांची, ती इतक्या मिली पाण्यात विरघळवून त्यातलं इतकं मिली द्यायचं. लॅसिक्सचे थेंब, ॲस्पिरिनच्या पुड्या. कागदावर लिहिलं होतं एक आणि फार्मसीवाल्याने तोंडी सांगितलं दुसरं, दोघांत दहापट फरक. नवरा इन्स्पेक्शनमध्ये काम करतो, त्याला मोजमापाचा किडा आहे, त्याने तिथेच कॅल्क्युलेटर काढला आणि परत वर जाऊन सिस्टरकडून १ मिलीच्या सिरिंजवर मार्करने रेघ मारून आणली. वरच्या सिस्टरनी त्याला सिंकवर उभं करून दोनदा करायला लावलं. वरचा मजला असा आणि खालचा तसा, हे आख्ख्या मुक्कामात कायम राहिलं.

घरी काय सांभाळायचं तेही त्यांनी छान सांगितलं. सहा आठवडे काखेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड जुळायचं असतं, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दारातूनच काखेकडे हात न्यायचा, शेवटी आईंनी पाळण्यावर पाटी लावली, मराठीत आणि गुजरातीत. रक्त चढवलेलं म्हणून ९ महिन्यांची गोवरची लस थोडी पुढे ढकलली, तीही तारीख त्यांनीच लिहून दिली होती. हार्टचा डावा व्हॉल्व्ह गळत होता, त्याला ऑपरेशनमध्ये हातच लावला नव्हता, म्हणाले स्नायूला रक्त मिळालं की तोही बऱ्याचदा आपोआप सुधारतो, थांबू. मला तेव्हा वाटलं टाळाटाळ करताहेत.

सुट्टीच्या वेळी इएफ ३०. तीन महिन्यांनी ४४. मॅडमनी इको करता करता मान डोलावली पण काही बोलल्या नाहीत, मला वाटलं गेलं. सहा महिन्यांनी ५२, आणि परवा, वर्षाच्या तपासणीला, ६०. व्हॉल्व्हची गळती नावापुरती. आपल्यात कुणाला हार्ट अटॅक आला की गेलेला स्नायू गेलाच असं ऐकतो, बाळांमध्ये मात्र बराचसा भाग मेलेला नसतो, उपाशी असतो, रक्त मिळालं की परत कामाला लागतो. अर्थात सगळं संपलं असं नाही. शिवलेल्या जागी नळी अरुंद होत नाही ना ते बघायला आयुष्यभर तपासणी आहे, दरवर्षी, आणि मोठी झाल्यावर खेळात पडायच्या आधी ट्रेडमिलवर पळवून बघतील. ॲस्पिरिन बंद झाली. आता फक्त एक औषध, तेही कमी करत आणलंय.

स्टार. ऑपरेशन, इको, आयसीयूच्या सिस्टर, यांना पाचपैकी पाच, आणि मी कुकरला पण कधी पाच दिलेले नाहीत. समजावून सांगण्याला साडेचार (इअरफोनवाल्याचा अर्धा गेला). आयांसाठीच्या सोयीला शून्य, खरंच शून्य. काउंटर आणि फार्मसीला एक, तो पण फार्मसीत पंखा चांगला होता म्हणून. आमच्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या बाळाला लागलं तर मी याच हॉस्पिटलात पाठवीन का? हो, डोळे झाकून, पण सोबत एक जाड पडदा, दाराला लावायला दोरी, पॉलिसीचं पान आणि कॅल्क्युलेटर घेऊन जा म्हणेन.

आणि हो, एक राहिलंच. डिस्चार्जच्या कागदावर पहिल्याच ओळीत मेल चाइल्ड लिहिलंय. तीनदा अर्ज दिला, एकदा ई-मेल केला, एकदा नवरा स्वतः जाऊन आला, दर वेळी आठ दिवसांत होईल म्हणतात. परवाच्या इकोच्या रिपोर्टवरही तेच. तर इएफ ६०, नळी मोकळी, आणि चिऊ त्यांच्याकडे अजून मुलगाच आहे.